वांग्याची कैफियत

पळस्पे फाट्यापासून कळंबोलीपर्यंत आणि तिथून उरणच्या दिशेने जाणाऱ्या रस्त्यांच्या कडेला न्हावाशेवा बंदरातून बाहेर पडलेल्या कंटेनरांची रांग जितकी नित्याची, तितकीच त्या कंटेनरांतून मालाच्या बुडाशी आलेल्या आणि काम आटोपल्यावर भंगारवाल्याच्या दारी थप्पीने रचून पडलेल्या लाकडी पॅलेटांची रासही पनवेलकरांच्या नजरेला सरावाची झालेली आहे. परंतु त्या पॅलेटांच्या फळीवर डाग देऊन उमटविलेला चौकोनी शिक्का सहसा कोणी वाकून पाहत नाही. शिक्क्याच्या डाव्या अंगाला गव्हाच्या लोंबीची आकृती असते, तिच्या शेजारी लाकडावर जिथे संस्कार झाला त्या देशाची दोन अक्षरे व तो संस्कार करणाऱ्या कारखान्याचा क्रमांक, आणि शेवटी ‘एचटी’ किंवा ‘एमबी’ अशी खूण. पहिल्या खुणेचा अर्थ असा की, लाकूड अगदी गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सियस तापवून निदान तीस मिनिटे त्या तापमानात ठेवले गेले. दुसरीचा अर्थ, त्याला मिथिल ब्रोमाइडची धुरी देण्यात आली. लाकडाच्या पोटात दडून एका खंडातला भुंगेरा दुसऱ्या खंडातल्या अरण्यात उतरू नये, एवढ्यासाठी हा सारा खटाटोप.

खटाटोप म्हणण्याचे धाडस अर्थात ज्याला शेतीचा अनुभव नाही त्यानेच करावे. १९५५ च्या सुमारास पुण्यात ज्याची प्रथम नोंद झाली ते गाजरगवत आज महाराष्ट्रातला कोणता बांध सोडून आहे? ते अमेरिकेच्या मदतीच्या गव्हातून आले असा लोकप्रवाद आहे. त्या प्रवादाचा निवाडा काहीही होवो, ते परदेशातून आले आणि येताना त्याला कोणी अडविले नाही, एवढे निर्विवाद आहे. २०१८ साली कर्नाटकात शिवमोग्याकडे प्रथम दिसलेल्या अमेरिकन लष्करी अळीने तर पुढच्याच हंगामात आपल्याकडच्या मक्याची दाणादाण उडविली. अशा आगंतुकांना वेशीवरच थोपविण्यासाठी आपल्याकडे १९१४ चा विनाशकारी कीटक व उपद्रवी जीव अधिनियम आहे, त्याच्या आधारे काढलेला २००३ चा वनस्पती विलगीकरण आदेश आहे, आणि त्या आदेशाची अंमलबजावणी करणारे खाते आपल्या शेजारी न्हावाशेव्यालाच ठाण मांडून बसलेले आहे. एखादे नवे बियाणे, फळ वा रोपटे देशात येऊ द्यावे की नाही, दिल्यास कोणत्या अटींवर द्यावे, याचा निर्णय करण्यापूर्वी जे परीक्षण सरकार करते, त्याला शास्त्रीय परिभाषेत धोका-विश्लेषण म्हणतात. आणि देशातल्या देशातच तयार झालेले, परंतु ज्याच्या जनुकांत फेरफार केलेला आहे, असे वाण शेतात लावू द्यावे की नाही, हे ठरविण्यासाठी पर्यावरण संरक्षण अधिनियमाखाली १९८९ साली केलेल्या नियमांन्वये दिल्लीत एक स्वतंत्र समिती नेमलेली आहे. तिच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे जोडून तिला सर्वजण ‘जीईएसी’ म्हणतात.

या परीक्षणांत सामान्य माणसाने काही बोलावे की नाही, आणि बोलायचे तर त्याला आधी काय वाचायला मिळावे, हा या लेखाचा विषय. जागतिक व्यापार संघटनेच्या स्थापनेबरोबर, म्हणजे १ जानेवारी १९९५ पासून, अंमलात आलेल्या स्वच्छता व वनस्पती-स्वास्थ्यविषयक करारान्वये प्रत्येक सदस्य देशाने अशा अटींचा मसुदा आगाऊ जाहीर करावा, इतर सदस्य देशांना त्यावर अभिप्राय कळविण्यास वाजवी मुदत द्यावी (ही मुदत रिवाजाने साठ दिवसांची असते), आणि आलेल्या अभिप्रायांचा विचार करावा, असे बंधन आहे. अनेक देश हीच मुभा आपल्या नागरिकांनाही देतात. भारतातला आंबा ऑस्ट्रेलियात येऊ द्यावा की काय याचे परीक्षण तिथल्या जैवसुरक्षा खात्याने केले, तेव्हा फळमाशी, कोयीत शिरणारा सोंडा, पिठ्या ढेकूण अशी एकेका किडीची हजेरी घेऊन मसुदा जाहीर केला, हरकती मागविल्या आणि मग २००८ साली अंतिम अहवाल प्रसिद्ध केला. आपल्या हापूसची बारीकसारीक लक्षणे आणि त्याच्या दुखण्यांची यादी त्या परक्या सरकारच्या कागदांत जितकी सुबकपणे मांडलेली सापडते, तितकी आपल्या मराठी कृषिवाङ्मयातही क्वचितच सापडेल.

परंतु त्याच करारात दुसरेही एक कलम आहे. ज्या माहितीच्या प्रकटीकरणाने कोणा उद्योगाच्या न्याय्य व्यापारी हितास बाध येईल, ती उघड करण्याची सक्ती सदस्य देशावर नाही. आपल्या २००५ च्या माहिती अधिकार अधिनियमाचे कलम ८(१)(ड) याच धर्तीचे आहे: व्यापारी गुपिते, बौद्धिक संपदा आणि प्रतिस्पर्ध्याच्या तुलनेत त्रयस्थ पक्षाचे नुकसान करील अशी माहिती देण्यास नकार देता येतो, मात्र व्यापक जनहितासाठी ती देणे आवश्यक आहे अशी सक्षम अधिकाऱ्याची खात्री झाल्यास हा नकार टिकत नाही. कलम ११ प्रमाणे त्या त्रयस्थाला पाच दिवसांत नोटीस द्यावी लागते आणि त्याने दहा दिवसांत आपले म्हणणे मांडायचे असते. व्यवस्था पाहू गेले तर न्याय्यच आहे. ज्याने दहा वर्षे खपून एखादे वाण सिद्ध केले, त्याच्या प्रयोगशाळेची कृती शेजारच्या दुकानदाराला फुकट द्यावी असे कोणीही शहाणा मनुष्य म्हणणार नाही. वादाचे मूळ वेगळेच आहे. कृती हे गुपित ठरू शकते हे मान्य केले, तरी ती कृती करून सिद्ध झालेला पदार्थ उंदराला खाऊ घातल्यावर उंदराचे काय झाले, हेही गुपितच काय?

हा प्रश्न आपल्या देशात प्रत्यक्ष विचारला गेला, आणि तो विचारला गेला जालन्याच्या वांग्यावरून. १९६४ साली जालन्यात स्थापन झालेल्या महाराष्ट्र हायब्रीड सीड्स कंपनीने, जिला सगळे महिको म्हणून ओळखतात, वांग्यात एका जमिनीतल्या जिवाणूचे ‘क्राय-१-एसी’ हे जनुक घालून असे वाण तयार केले की, शेंडे व फळे पोखरणारी अळी त्याचा घास घेताच मरावी. ही अळी किती द्वाड असते हे वांगी लावणाऱ्याला सांगण्याची गरज नाही. वरून तुकतुकीत दिसणारे फळ चिरावे आणि आत विष्ठेने भरलेले बोगदे निघावेत, हा अनुभव तर मंडईत पिशवी घेऊन जाणाऱ्या प्रत्येकाच्या गाठी आहे, आणि तिच्या धाकाने शेतकरी एका हंगामात किती वेळा फवारा मारतो हे खाणाऱ्याला कळले तर तो जेवणावरून उठेल. तेव्हा महिकोचा प्रयत्न निरर्थक होता असे नव्हे. २००६ साली ग्रीनपीस या संस्थेच्या एका कार्यकर्तीने माहिती अधिकाराखाली या वांग्याच्या विषारीपणाविषयीच्या व अॅलर्जीविषयीच्या चाचण्यांचे निष्कर्ष मागितले. जैवतंत्रज्ञान विभागाने व्यापारी गोपनीयतेचे कारण दाखवून ते नाकारले. प्रकरण केंद्रीय माहिती आयोगापुढे गेले; आयोगाने २००७ मध्ये ती माहिती जनहितार्थ द्यावी असा निर्णय केला; कंपनीने दिल्ली उच्च न्यायालयाचे दार ठोठावले; आणि दरम्यान, जनुकीय पिकांविरुद्ध आधीपासून चालू असलेल्या अरुणा रॉड्रिग्ज यांच्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने २००८ च्या फेब्रुवारीत विषारीपणा व अॅलर्जी यांविषयीची माहिती लोकांसमोर ठेवण्याबद्दल फर्माविले. त्या वर्षी ते दप्तर खुले झाले.

या ठिकाणी मला एक जुने प्रकरण आठवल्यावाचून राहत नाही, आणि ते पनवेलपासून फार दूरचेही नाही. कारण त्याची प्रयोगशाळा परळला होती. १८९६ साली मुंबईत प्लेग उतरल्यावर सरकारने बोलावून घेतलेल्या वाल्डेमार हाफकिन या शास्त्रज्ञाने प्लेगची लस तयार केली, १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली, आणि पुढे परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमधून लक्षावधी लोकांसाठी लशीच्या बाटल्या रवाना होऊ लागल्या. १९०२ च्या ऑक्टोबरात पंजाबातल्या मुल्कोवाल नावाच्या गावी १०७ माणसांना टोचले गेले. त्यांपैकी ज्या १९ जणांना ५३-एन या क्रमांकाच्या एकाच बाटलीतली लस मिळाली होती, ते सर्व धनुर्वाताने दगावले. मुंबईचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी मंडळ बसले. बाटली उघडण्यापूर्वीच, म्हणजे परळलाच, दूषित झाली असावी असा त्याने निष्कर्ष काढला. हाफकिनने लस करण्याच्या पद्धतीत फेरफार करून कार्बोलिक अॅसिड वगळले होते, या गोष्टीवर ठपका बसला. आणि त्याला हिंदुस्थान सोडून जावे लागले. चौकशीचे कागद मात्र सरकारने वर्षानुवर्षे दाबून ठेवले.

ते कागद चार वर्षांनी, १९०६ च्या अखेरीस छापले गेले, तेव्हा काय बाहेर आले? बाटली उघडताना तिथल्या मदतनिसाच्या हातातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि त्याने तो ज्योतीतून न काढता कार्बोलिकच्या पाण्यात नुसता हलवून पुन्हा वापरला होता, हे साक्षीत नमूद होते. बाटली उघडली तेव्हा तिला वास नव्हता, हेही नमूद होते. आणि धनुर्वाताचे जंतू ज्या द्रवात कित्येक दिवस वाढले आहेत तो द्रव घाण मारल्यावाचून राहत नाही, हे त्या शास्त्रातल्या कोणालाही ठाऊक होते. २९ जुलै १९०७ च्या लंडन ‘टाइम्स’मध्ये रोनाल्ड रॉस व इतर नामांकित शास्त्रज्ञांच्या सह्यांचे पत्र आले आणि हाफकिन दोषमुक्त झाला. १९२५ पासून परळच्या त्या संस्थेला त्याचेच नाव आहे. मंडळातले सभासद दुष्ट होते असे नाही. त्यांच्यापुढे तोच पुरावा होता. पण त्या पुराव्याला नाक लावून पाहणारा दुसरा कोणी त्या खोलीत नव्हता, आणि दार बंद असल्यामुळे तो येऊही शकत नव्हता.

गोपनीयतेचा कैवार घेणारे नेहमी असे गृहीत धरतात की, दप्तर बंद ठेवल्याने शोधकर्त्याचे रक्षण होते आणि ते उघडल्याने टीकाकाराचे फावते. हाफकिनच्या प्रकरणात बंद दप्तराने टीकाकाराचे काही बिघडले नाही. भरडला गेला तो शोधकर्ताच. वांग्याच्या प्रकरणातही, माझ्या मते, दोन वर्षे चाललेल्या नकाराने महिकोचे जेवढे नुकसान झाले, तेवढे त्या दप्तरातल्या कोणत्याही आकड्याने झाले नसते. कारण जे इतक्या निकराने झाकले गेले त्यात काहीतरी काळेबेरे असलेच पाहिजे, हा लोकांचा ग्रह एकदा झाल्यावर तो कोणत्याही अहवालाने पुसला जात नाही. दप्तर खुले झाल्यावर देशी व परदेशी शास्त्रज्ञांनी त्याची चिरफाड केली. काही आक्षेप वजनदार होते, काही निव्वळ पक्षाभिमानाचे. परंतु वजनदार कोणते आणि पोकळ कोणते हे निदान कागद समोर धरून बोलता येऊ लागले.

पुढची हकीकत पुष्कळांच्या स्मरणात असेल. जीईएसीने १४ ऑक्टोबर २००९ रोजी या वांग्याला मान्यता दिली. तत्कालीन पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी ती लगेच अंमलात न आणता तज्ज्ञ समितीचा अहवाल प्रसिद्ध केला, ३१ डिसेंबरपर्यंत लेखी अभिप्राय मागविले, आणि १९८९ च्या नियमांत अशी कोणतीही सक्ती नसताना २०१० च्या जानेवारी-फेब्रुवारीत कोलकाता, भुवनेश्वर, अहमदाबाद, नागपूर, चंदीगड, हैदराबाद व बंगलोर अशा सात ठिकाणी जाहीर विचारविनिमयाच्या सभा घेतल्या. सुमारे आठ हजार लोक त्यांत सहभागी झाले. महाराष्ट्राच्या वाट्याला नागपूर आले, ही गोष्ट जनुकीय कापूस लावणाऱ्या विदर्भातल्या शेतकऱ्यांच्या दृष्टीने योग्यच झाली. परंतु त्याच दिवसांत आपल्या रायगडात गावोगाव पोपटी लागत होती, भांबुर्ड्याच्या पाल्यात वालाच्या शेंगांबरोबर वांगी शिजत होती, आणि ती खाणाऱ्यांनी आपले म्हणणे मांडायचे तर त्यांना सह्याद्री ओलांडून अख्ख्या राज्याच्या दुसऱ्या टोकाला जायला हवे होते.

अशा सभांत फक्त विरोधकच येतात हा एक सोयीस्कर गैरसमज आहे. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेची भूमिका पहिल्यापासून या तंत्रज्ञानाच्या बाजूची होती. कोणते बियाणे पेरावे हे शेतकऱ्याने ठरवावे, दिल्लीने नव्हे, असा तिचा युक्तिवाद, आणि २०१९ च्या जूनमध्ये अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहांगीर येथे बंदी असलेले तणनाशक-सहिष्णू कापसाचे बियाणे उघडपणे पेरून संघटनेच्या कार्यकर्त्यांनी तो कृतीतही उतरविला. त्यांचा युक्तिवाद पटो वा न पटो, पेरणाऱ्याचाही ते दप्तर वाचण्यात तितकाच स्वार्थ आहे, कारण पीक फसले तर प्रथम तोच बुडतो. ९ फेब्रुवारी २०१० रोजी रमेश यांनी या वांग्याला स्थगिती दिली आणि निर्णयाला आलेल्या पत्रांचे भले मोठे बाड जोडून तेही प्रसिद्ध केले. कोणी काय म्हटले, कोणत्या शास्त्रज्ञाने कोणत्या बाजूने कौल दिला, कोणत्या मुख्यमंत्र्याने काय कळविले, हे सारे त्यात नावानिशी वाचता येते. निर्णयाविषयी आजही मतभेद आहेत आणि ते राहोत. पण निर्णय ज्या कागदांवर उभा होता ते कागद त्याच्याबरोबरच लोकांच्या हाती पडावेत, हा प्रकार आपल्या सरकारी रिवाजात विरळाच.

आता गोपनीयतेची एक दुसरी बाजू, जिच्याकडे आपल्याकडे फारसे लक्ष जात नाही. आतापर्यंत आपण अर्जदाराच्या गुपिताविषयी बोललो. परंतु जो हरकत नोंदवितो त्याचेही काही गुपित असू शकते. समजा, एखाद्या रोपवाटिकावाल्याने कळविले की अमक्या आयात कलमांबरोबर आलेली नवी कीड माझ्या वाफ्यात दिसली. त्याने हे कळविणे सार्वजनिक हिताचे खरे, पण त्याचे नाव गाव छापून आले तर दुसऱ्या दिवसापासून त्याच्या रोपांना गिऱ्हाईक उरणार नाही. मग पुढच्या वेळी तो गप्प बसेल, आणि कीड मात्र गप्प बसणार नाही. न्यूझीलंडमध्ये यावर एक साधी तोड आहे. तिथे सरकारी खात्याकडे आलेली प्रत्येक हरकत १९८२ च्या अधिकृत माहिती अधिनियमाखाली मागणी करताच उघड होऊ शकते, हे हरकत घेणाऱ्याला आधीच बजावले जाते. कोणता मजकूर कोणत्या कारणाने रोखून धरावा हे त्याने कळवावे, खात्याने ते कारण कायद्याच्या कसोटीवर तपासावे, आणि कोणाला निर्णय मान्य नसल्यास त्याने लोकपालाकडे दाद मागावी. म्हणजे ‘गोपनीय’ असा शेरा मारल्याने कागद आपोआप गोपनीय होत नाही. आणि तो मारला नाही म्हणून माणसाची अब्रू वाऱ्यावरही सोडली जात नाही. आनुवंशिक बदल केलेल्या सजीवांविषयीच्या कार्टाजेना प्रोटोकॉलने अर्जदाराच्या बाबतीत अशीच सीमारेषा आखून दिली आहे: इतर काहीही झाकता येईल, परंतु अर्ज करणाऱ्याचे नाव व पत्ता, त्या सजीवाचे सर्वसाधारण वर्णन, धोका-विश्लेषणाचा सारांश आणि संकटप्रसंगी करावयाची उपाययोजना, या गोष्टी गोपनीय समजू नयेत. भारताने त्या करारावर सही केलेली आहे.

यातला ‘सारांश’ हा शब्द दिसतो तितका निरुपद्रवी नाही. रायगडच्या लोकांना जनसुनावणीचा अनुभव थोडाथोडका नाही. २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेप्रमाणे प्रकल्पांच्या अहवालाचा सारांश जिल्ह्याच्या कचेऱ्यांत ठेवला जातो, आणि सारांश वाचून सुनावणीला गेलेल्या मनुष्याला तिथे पोचल्यावर कळते की, आपला प्रश्न नेमका ज्या पानावर आहे ते पान सारांशात आलेले नाही. दिल्ली विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी सिद्ध केलेल्या जनुकीय मोहरीच्या बाबतीत २०१६ साली हेच घडले. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये केंद्रीय माहिती आयोगाने चाचण्यांची माहिती प्रसिद्ध करण्याचा आदेश दिला होता. सप्टेंबरमध्ये पर्यावरण मंत्रालयाने सुरक्षाविषयक मूल्यांकनाचा सव्वाशेहून अधिक पानांचा अहवाल सर्वांसाठी ठेवला आणि हरकतींसाठी एक महिन्याची मुदत दिली, पण ज्या तीन हजारांहून अधिक पानांच्या मूळ दप्तरावर तो अहवाल बेतला होता, ते पाहायचे तर आगाऊ वेळ ठरवून दिल्लीत मंत्रालयाच्या इमारतीत जाऊन बसावे लागत होते. यंदा गव्हाण-कर्नाळ्याकडे कडव्या वालाखेरीज मोहरीही टाकून पाहावी असे मनात आणणाऱ्या पनवेल तालुक्यातल्या शेतकऱ्याने हे कसे साधावे?

ऑक्टोबर २०२२ मध्ये ती मोहरी पर्यावरणात सोडण्यास परवानगी मिळाली आणि प्रकरण पुन्हा सर्वोच्च न्यायालयात उभे राहिले. २३ जुलै २०२४ रोजी न्या. बी. व्ही. नागरत्ना आणि न्या. संजय करोल यांनी परवानगीच्या वैधतेवर परस्परविरुद्ध निकाल दिले, त्यामुळे तो प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपविणे भाग पडले; परंतु केंद्र सरकारने जनुकीय पिकांविषयी राष्ट्रीय धोरण ठरवावे, आणि त्यासाठी राज्ये, शेतकऱ्यांचे प्रतिनिधी व इतर संबंधित यांच्याशी विचारविनिमय करावा, शक्यतो चार महिन्यांच्या आत करावा, याबद्दल दोघांचेही एकमत झाले. असा विचारविनिमय जेव्हा केव्हा होईल, तेव्हा त्याचे आमंत्रण पनवेलच्या तहसील कचेरीच्या फलकावर लागो वा न लागो, माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांच्या शुल्कात टपालाने दिल्लीला धाडता येतो, आणि कलम ४ प्रमाणे महत्त्वाचे धोरण ठरविताना त्यासंबंधीची सर्व प्रस्तुत तथ्ये सरकारने आपण होऊन प्रसिद्ध करायची असतात. अर्ज करणाऱ्याने मागणी मात्र नेमकी करावी: अहवाल नव्हे, सारांश नव्हे, तर कोणत्या प्राण्यावर, किती दिवस, किती मात्रेने चाचणी झाली त्या नोंदींची नक्कल.